डीएक्स-७ : एका अंकीय वाद्याची स्मृती

वाद्यांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा ती कोणी घडविली आणि कोणी वाजविली, या दोनच गोष्टींची दखल बहुधा घेतली जाते. ती कोणी दुरुस्त केली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः वाद्य घडविले जाते एकदाच. त्यानंतर ते जितकी वर्षे वाजते, तितकी वर्षे कोणीतरी त्याची निगा राखलेली असते. तंबोऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा कारागीर, तबल्याला शाई लावणारा, पेटीचा भाता सांधून तिचे सूर पुन्हा मिळवून देणारा, या साऱ्यांवाचून आपले संगीत एक पिढीही पुढे सरकले नसते. त्यांची नावे मात्र कोणत्याही मैफलीच्या पत्रिकेवर छापली गेली नाहीत.

इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या बाबतीत तर एक वेगळाच समज रूढ झाला आहे. त्यांत लाकूड नाही, कातडे नाही, तार नाही; सगळा कारभार अंकांचा. अंक कुजत नाहीत, गंजत नाहीत, उतरत नाहीत. तेव्हा ही वाद्ये एक तर अखंड चालतात किंवा बंद पडली की फेकून द्यावी लागतात, अशी ही समजूत आहे. ती दोन्ही अंगांनी चुकीची आहे, असे आम्हांस वाटते. ते दाखविण्यासाठी आम्ही येथे एकाच वाद्याचा इतिहास मांडणार आहोत. ते वाद्य म्हणजे जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेला डीएक्स-७ हा सिंथेसायझर. अंकीय पद्धतीने नाद निर्माण करणारे आणि सामान्य व्यावसायिक वादकाच्या आवाक्यात आलेले हे जगातील पहिले मोठे यशस्वी वाद्य. त्याला आता चार दशके उलटून गेली आहेत. ते आजही अनेक घरांत वाजते आहे, आणि ते वाजते आहे याचे श्रेय कारखान्याइतकेच घरोघरच्या हौशी दुरुस्तीकारांना आहे.

दुरुस्तीतून जन्मलेली कंपनी

या कथेचा आरंभच मुळी एका दुरुस्तीने होतो. तोराकुसू यामाहा हा गृहस्थ संगीतकार नव्हता. १८५१ साली एका सामुराई कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने घड्याळांचे काम शिकून घेतले होते, आणि वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय होता. त्या कामानिमित्त तो हामामात्सू या गावी असताना १८८७ साली तेथील प्राथमिक शाळेचा रीड ऑर्गन बिघडला. रीड ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवून, हवेच्या झोतावर पितळी पट्ट्या कंपित करणारे वाद्य. आपल्याकडे संगीत नाटकांत, शाळांत आणि चर्चमध्ये जी पायपेटी वाजत असे, तिचेच हे सख्खे भावंड. यामाहाने तो ऑर्गन उघडला, दोष काढला. पण तेवढ्यावर न थांबता त्याच्या अंतर्भागाचे आराखडे उतरवून घेतले आणि तसाच ऑर्गन स्वतः बनविण्याचा चंग बांधला.

पहिला ऑर्गन तयार झाल्यावर यामाहा आणि त्याचा सहकारी यांनी तो कावडीला बांधून, हाकोनेचा डोंगर पायी ओलांडून तोक्योच्या संगीत संस्थेत नेला. तेथील तज्ज्ञांचा निर्णय स्पष्ट होता: बांधणी उत्तम, पण सूर चुकीचे. यामाहाने निराश न होता तेथेच राहून सुमारे महिनाभर स्वरशास्त्राचे धडे घेतले, आणि परत येऊन दुसरा ऑर्गन घडविला. तो मान्य झाला. १८९७ साली ‘निप्पॉन गाक्की’ ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९८७ मध्ये तिने ‘यामाहा’ हे नाव धारण केले. तिच्या बोधचिन्हात एकमेकांवर ठेवलेले तीन ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर मिळविण्याचे चिमटे, आहेत. या चिमट्यातून निघणारा नाद हा जवळजवळ शुद्ध, एकेरी लहरीचा असतो. पुढे ज्या तत्त्वावर डीएक्स-७ उभा राहिला, त्याची कच्ची सामग्री हीच एकेरी लहर होती.

आंदोलनातून नाद

तत्त्व मात्र जपानात सापडले नाही. ते सापडले अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात. जॉन चौनिंग हा तेथील तरुण संगीतकार. १९३४ साली जन्मलेल्या चौनिंगने पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या विख्यात अध्यापिकेकडे रचनेचे शिक्षण घेतले होते. तो अभियंता नव्हता. संगणकाद्वारे संगीत निर्माण करता येते, हे त्याने बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांच्या १९६३ च्या लेखात वाचले आणि विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील संगणकावर तो प्रयोग करू लागला.

त्याला १९६७ साली जे गवसले, ते आपल्या संगीताच्या भाषेत सांगणे सोपे आहे. सूर एका जागी स्थिर न ठेवता तो किंचित वर-खाली झुलविणे आपल्या गायकांना नवे नाही. दरबारी कानड्यातील कोमल गंधार त्याच्या संथ आंदोलनामुळेच ओळखू येतो. पाश्चात्त्य संगीतात व्हायोलिनवादक तारेवरचे बोट हलवून सूर कंपित करतो. त्याचा वेग थोडा अधिक, सेकंदाला पाच-सहा हेलकावे इतका असतो. दोन्ही ठिकाणी कानाला झुलणे हे झुलणे म्हणूनच कळते. चौनिंगने संगणकावर या झुलण्याचा वेग आणि पल्ला दोन्ही वाढवीत नेले, मानवी गळ्याला किंवा बोटाला केवळ अशक्य अशा मर्यादेपर्यंत. हेलकावे सेकंदाला वीस, पन्नास, शंभर आणि त्याहूनही अधिक झाले, तेव्हा कानाला झुलणे ऐकू येईनासे झाले. त्याच्या जागी एक नवाच, भरघोस, अनेक उपस्वरांनी संपन्न असा नाद ऐकू येऊ लागला.

एक लहर ऐकू येणारी आणि दुसरी तिला हलविणारी, अशा केवळ दोन साध्या लहरींतून हे वैभव निर्माण होत होते. दोहोंच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर पूर्णांकी ठेवले तर नाद सुरेल होई, पितळी वाद्यांच्या किंवा बासरीच्या जवळ जाई. गुणोत्तर पूर्णांकी नसले की घंटेसारखा, धातूच्या पत्र्यासारखा टणत्कार उमटे. कारण खऱ्या घंटेचे उपस्वरही असेच एकमेकांशी न जुळणारे असतात. या पद्धतीस फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन किंवा संक्षेपाने एफएम म्हणतात. चौनिंगने आपला शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध केला.

विद्यापीठाने हा शोध प्रथम अमेरिकेतील ऑर्गन बनविणाऱ्या कंपन्यांना दाखविला. त्यांना त्यात काही दिसले नाही. यामाहाने पाठविलेला तरुण अभियंता काझुकियो इशिमुरा याला मात्र त्याचे मर्म लगेच उमगले. करार झाला, १९७७ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि त्याची मुदत संपेपर्यंत त्यातून स्टॅनफर्डला दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. विद्यापीठांनी मिळविलेल्या मोठ्या पेटंट-उत्पन्नांत एका संगीतकाराच्या कानाने लावलेला हा शोध गणला जातो, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

१९८३ चे वाद्य

शोध आणि वाद्य यांच्यामध्ये सुमारे दीड दशक गेले. हिशेब मांडून नाद निर्माण करायचा तर तो वादकाने पट्टी दाबताक्षणी पुरा व्हावयास हवा, आणि इतक्या वेगाने हिशेब करणाऱ्या स्वस्त चिप्स तेव्हा अस्तित्वात नव्हत्या. यामाहाने त्या स्वतः घडविल्या. १९८१ साली आलेला जीएस-१ सुमारे ९० किलो वजनाचा होता आणि त्याची किंमत १६,००० डॉलरच्या आसपास होती. दोनच वर्षांनी आलेल्या डीएक्स-७ चे वजन १४ किलो भरले आणि अमेरिकेतील किंमत दोन हजार डॉलरच्या आत आली.

या यंत्राचे अंतरंग थोडक्यात असे. एकसष्ट पट्ट्या, एका वेळी सोळा स्वर वाजण्याची सोय, प्रत्येक स्वरामागे सहा लहरी, ज्यांना ऑपरेटर म्हटले जाते, आणि या सहांपैकी कोणी कोणाला हलवावे हे ठरविणारे बत्तीस ठरीव आकृतिबंध. सोळा स्वर गुणिले सहा ऑपरेटर, म्हणजे छप्पन्न आणि चाळीस मिळून शहाण्णव लहरींचा हिशेब, तोही सेकंदाला सुमारे ४९,००० वेळा. हे गणित साधण्यासाठी अभियंत्यांनी एक जुनीच युक्ती वापरली. आपल्या पिढीने शाळेत लॉगरिदमची कोष्टके वापरून गुणाकाराच्या जागी बेरीज केली, तेच या चिपने केले: लहरीचे मूल्य लॉगरिदमच्या रूपात साठविलेले, आणि गुणाकार टाळून सर्वत्र बेरीज.

त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडण्याची ‘मिडी’ ही पद्धती प्रचारात आली. जानेवारी १९८३ मध्ये दोन भिन्न कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. डीएक्स-७ च्या पाठीवर मिडीची पाच टाचण्यांची खोबण होती. पुढे आपल्याला दिसेल की, या खोबणीमुळेच त्याची स्मृती वाचविता येते.

विक्रीचे आकडे दीड ते दोन लाख यांच्या दरम्यान दिले जातात. १९८० च्या दशकातील पाश्चात्त्य गीतांतला तो काचेसारखा स्वच्छ इलेक्ट्रिक पियानो बहुतांशी याच वाद्याचा. १९८८ साली कॉर्ग कंपनीचा एम-१ आला. खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे वाजविणाऱ्या त्या वाद्यापुढे एफएमची सद्दी संपली, आणि डीएक्स-७ हळूहळू माळ्यावर गेला. आपल्याकडे ही वाद्ये मुळातच थोडी आली, कारण त्या काळी परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर जबर आयातशुल्क होते. जी आली ती बहुधा ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील वादकांकडे किंवा परदेशी नोकरीवरून परतणाऱ्यांच्या सामानातून आली.

नाण्याएवढी स्मृती

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. डीएक्स-७ मध्ये वादकाला स्वतःचे नाद घडविता येतात आणि असे बत्तीस नाद यंत्राच्या स्मृतीत राहतात. प्रत्येक नाद म्हणजे नावाची दहा अक्षरे धरून १५५ मूल्यांची यादी. कोणता ऑपरेटर किती वेगाने उसळावा, किती वेळात विरावा, पट्टी जोरात दाबली तर नाद किती उजळावा, हे सारे या यादीत असते. बत्तीस नाद एकत्र बांधले की त्यांची जागा अवघी ४०९६ बाइट भरते. देवनागरीत लिहिलेल्या या लेखाचे एक छापील पानही संगणकावर एवढ्या जागेत मावणार नाही.

ही स्मृती विजेवर जगते. वाद्य बंद केले की मुख्य वीज जाते. मग तिला जिवंत ठेवते ती आतील पट्टीवर कायमची सोल्डर केलेली, नाण्याएवढी तीन व्होल्टची लिथियम बॅटरी. तिचा क्रमांक सीआर-२०३२. वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी हा त्या अंकांचा अर्थ. स्मृतीचा खप अत्यल्प असल्याने ही बॅटरी पुष्कळ वर्षे टिकते, काही यंत्रांत तर वीस वर्षांहून अधिक. पण ती कधी ना कधी संपतेच. संपली की नादांच्या नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरे दिसतात, आणि पट्टी दाबली असता कधी खरखर तर कधी निव्वळ शांतता ऐकू येते. यंत्र मेलेले नसते. ते सारे विसरलेले असते.

येथे एक तुलना आम्हांस टाळता येत नाही. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी नेलेल्या पोर्तुगीज घंटा आजही भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळच्या मेणवलीत टांगलेल्या आहेत आणि वाजत आहेत. गाव बदलले, देवालय बदलले, घंटेचा नाद बदलला नाही. तो त्या धातूच्या जाडीत आणि घडणीत कोरलेला आहे, आणि त्याला कोणत्याही बॅटरीची गरज नाही. डीएक्स-७ मध्येही घंटेचा एक प्रसिद्ध नाद आहे. कारखान्याने वाद्याबरोबर जी कार्ट्रिज दिली, त्यांतून तो पुन्हा भरून घेता येतो. परंतु एखाद्या वादकाने महिनाभर खपून स्वतः घडविलेली घंटा कोणत्याही कार्ट्रिजमध्ये नसते. ती त्या एका यंत्रात असते, आणि त्या एका बॅटरीच्या आयुष्याइतकीच तिची हमी असते.

दुरुस्तीसाठी येणाऱ्या बहुसंख्य डीएक्स-७ मध्ये कारखान्याचेच नाद जसेच्या तसे आढळत, असे सांगितले जाते. कारण हे यंत्र नादरचनेसाठी फार अवघड होते. लहानसा अंधारा पडदा, दोन ओळींत सोळा-सोळा अक्षरे, आणि एका वेळी एकच मूल्य बदलण्याची सोय. तरीही ज्यांनी चिकाटीने स्वतःचे नाद रचले, त्यांचे ते काम म्हणजे एक हस्तलिखितच आहे. म्हणून घरी हे वाद्य दुरुस्त करावयास बसणाऱ्याने स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याआधी पहिले काम करावे ते नक्कल करून घेण्याचे. हस्तलिखित जीर्ण झाले की बांधणीला हात लावण्यापूर्वी त्याची प्रत काढतात, तसेच हे.

ही नक्कल सोपी आहे. मिडीची तार संगणकाला जोडावी, यंत्राच्या फंक्शन यादीतून ही देवघेव चालू करावी आणि बत्तीसही नाद एकदम पाठवावेत. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढा मंद असूनही सारी स्मृती दीड सेकंदाच्या आत बाहेर पडते. कोणाच्या तरी कित्येक रात्रींचे श्रम दीड सेकंदात सुरक्षित होतात. आणि हा दीड सेकंद कोणी काढला नाही म्हणून असे किती नाद कायमचे गेले असतील, याची गणती कोणालाच करता येणार नाही.

घरातील निगा

नक्कल झाल्यावर पुढची कामे. ज्याला सोल्डरिंगचा सराव आहे आणि विजेची योग्य भीती आहे, अशा माणसाला ती घरच्या मेजावर करता येतात.

सर्वप्रथम यंत्राच्या पाठीवरची विजेची पट्टी वाचावी. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेली यंत्रे १०० व्होल्टवर चालतात. ती आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये सरळ खोचली तर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. अशा यंत्रासाठी योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवाच. झाकण उघडण्यापूर्वी तार काढून ठेवावी आणि काही वेळ थांबावे, कारण वीजपुरवठ्यातील कपॅसिटर काही काळ भार धरून ठेवतात. अंगावरील स्थितिक विजेने चिप निकामी होऊ शकते. तेव्हा मनगटाला भूमिगत केलेली पट्टी बांधणे उत्तम. प्रत्येक तार काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, आणि निघालेले स्क्रू जागेप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत.

बॅटरी बदलताना जुनी जपून काढावी, आणि नवी पुन्हा थेट सोल्डर करण्याऐवजी तेथे बॅटरीचे घर बसवावे. म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्नची गरजच पडणार नाही. नाण्यासारख्या बॅटरीच्या अंगालाच तापलेले टोक लावणे धोक्याचे आहे. ती फुटू शकते. धन आणि ऋण टोके तपासावीत. काढलेली बॅटरी मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण ती गिळली गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते. नवी बॅटरी बसली की यंत्राच्या फंक्शन यादीतच तिचा दाब पाहण्याची सोय आहे. तो ठीक असल्याची खात्री करून मग जपून ठेवलेले नाद परत भरावेत.

त्यानंतर पट्ट्या. डीएक्स-७ च्या प्रत्येक पट्टीखाली विद्युत्संपर्क असतात. पट्टी वरच्या स्थितीतून निघून खाली टेकेपर्यंत किती वेळ गेला, हे एक स्वतंत्र छोटा प्रोसेसर मोजतो, आणि त्यावरून स्वर किती जोराने वाजवावा हे ठरते. म्हणजे वादकाच्या हाताची भावना हे यंत्र निव्वळ वेळेच्या मोजमापाने ओळखते. संपर्कांवर धूळ वा गंज बसला की हे मोजमाप चुकते. एखादा स्वर कारण नसता दचकून वाजतो, एखादा मुका होतो. उपाय साधा आहे: मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भरपूर धीर. पॅनेलवरील पडदावजा बटणे आणि मूल्य बदलण्याची सरकती कळ यांनाही हीच शुश्रूषा लागते.

कोकणपट्टीत या साऱ्याचा वेग वाढतो. वसईपासून गोव्यापर्यंत पावसाळ्याचे चार महिने हवेत जे दमट मीठ असते, ते लाकडाला जसे फुगविते तसे तांब्यालाही हिरवे करते. वाद्य प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे ओल आतच कोंडली जाते. त्यापेक्षा सुती कापडाचे आच्छादन घालावे, आणि आठवड्यातून एकदा वाद्य अर्धा तास चालू करावे. आतील मंद ऊब ओल हटविते. वाजत राहणे हीच पुष्कळदा सर्वांत स्वस्त देखभाल असते.

वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकू लागतात. मग नादामागे गुणगुण ऐकू येते किंवा यंत्र मधूनच गोंधळते. हे भाग असामान्य नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते आजही काही रुपयांत मिळतात. फक्त व्होल्टेज आणि तापमानाची मर्यादा पाहून घ्यावे. यामाहाने आपल्या तंत्रज्ञांसाठी छापलेल्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये संपूर्ण विद्युत्-आराखडे दिलेले होते. कारखान्याने या पुस्तिका काढल्या नसत्या, तर आज घरी कोणालाच काही करता आले नसते. अलीकडच्या अनेक उपकरणांबरोबर असे आराखडे मिळत नाहीत, आणि आमच्या मते ही केवळ गैरसोय नव्हे. पुढच्या पिढीच्या हातून तिचा इतिहास काढून घेण्याचाच तो प्रकार आहे.

दुरुस्तीची सीमा

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. सारे काही दुरुस्त होत नाही. डीएक्स-७ चे हृदय म्हणजे यामाहाने खास त्याच्यासाठी घडविलेल्या दोन चिप्स: एक लहरी निर्माण करणारी, दुसरी त्यांचा चढ-उतार सांभाळणारी. या चिप्स बाजारात सुट्या मिळणाऱ्या नव्हेत, आणि त्या आता बनतही नाहीत. त्यांपैकी एखादी गेली, तर दुसऱ्या निकामी डीएक्स-७ मधून काढूनच ती मिळवावी लागते. म्हणजे एक यंत्र वाचविण्यासाठी दुसरे खर्ची घालावे लागते, आणि एकूण संख्या दरवेळी एकाने घटते.

यावर कोणी म्हणेल, मग हा खटाटोप कशाला? आज डीएक्स-७ चे नाद हुबेहूब वाजविणारे ‘डेक्स्ड’ यासारखे मोफत संगणकप्रणालीतील वाद्य उपलब्ध आहे. मूळ यंत्राची ४०९६ बाइटची फाइल ते वाचते. यामाहानेही २०१५ च्या रिफेस डीएक्समध्ये आणि २०१६ च्या मोंटाजमध्ये एफएम पद्धती पुन्हा आणली. २०२१ साली अमेरिकेतील केन शिरिफ या संशोधकाने डीएक्स-७ च्या नादचिपचे आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेऊन, तिच्या मांडणीचा उलगडा प्रसिद्ध केला. म्हणजे ज्ञान तर वाचले आहे.

ते वाचले, हे खरेच आहे. आणि त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण ते कसे वाचले हेही पाहावे. कोणीतरी मूळ यंत्र जपले होते, म्हणून प्रतिकृतीचा नाद त्याच्याशी ताडून पाहता आला. शिरिफ यांना उघडण्यासाठी चिप मिळाली, ती कोणीतरी फेकून दिली नव्हती म्हणून. प्रत आणि मूळ यांचा हा संबंध ग्रंथसंशोधकांना चांगला ठाऊक आहे. प्रती कितीही निघाल्या, तरी पाठभेदाचा निर्णय करावयाची वेळ आली की अखेर मूळ पोथीकडेच जावे लागते. शिवाय बोटांखालच्या पट्टीचा भार, १२-बिट रूपांतरकाची बारीकशी सळसळ, आणि ते अवघड पॅनेल ज्याने वादकाला विचार करावयास भाग पाडले, या गोष्टी फाइलमध्ये उतरत नाहीत.

आपल्या अवतीभोवती डीएक्स-७ विरळाच असेल. पण त्याची भावंडे पुष्कळ आहेत. चर्चच्या गायनवृंदाच्या कपाटात, शाळेच्या संगीतवर्गात, घरच्या माळ्यावर १९८० आणि १९९० च्या दशकांतील कीबोर्ड पडून आहेत. त्यांपैकी काहींत अशीच बॅटरी आहे, आणि कोणा वृंदनायकाने एखाद्या सणासाठी जुळविलेले नाद वा ताल आहेत. ती बॅटरी कधी बसविली, हे कोणालाही ठाऊक नसते. म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. वाद्य उघडाल तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवा. त्यावर बॅटरी बदलल्याची तारीख, बदललेल्या भागांची नावे आणि आतील नादांची नक्कल कोठे ठेवली आहे हे लिहा. पुढच्या माणसाला तेवढे पुरेल.

१८८७ मध्ये हामामात्सूच्या शाळेत एक ऑर्गन बिघडला, तेव्हा तो मोडीत काढणे सहज शक्य होते. एका उपकरण-दुरुस्तीकाराने तो उघडून पाहिला, आणि त्या कुतूहलातून शंभराहून अधिक वर्षांचा वाद्य-इतिहास घडला. बिघडलेले वाद्य उघडून पाहणाऱ्याने तेवढा मोठा इतिहास घडविलाच पाहिजे असे नाही. आधीच्या कोणीतरी त्या वाद्यात जे सोपवून ठेवले होते, ते त्याने विसरू दिले नाही, एवढे पुष्कळ झाले.